उपासाची अर्धी गोळी

वारजे, पुणे
१० नोव्हेंबर २०२४

शेफाली,

मायना काय लिहावा यात बराच वेळ गेला, शेवटी नुसतं नाव लिहिलं.

दिवाळीतला तुझा मेसेज मिळाला. "अण्णा, मार्चमध्ये मला बाळ होणार आहे. तुम्ही याल का? फोनवर नको, फोनवर आपण भांडतो. लिहून कळवा." तीन वर्षांत एवढं मोठं काही तू मला लिहिलं नव्हतंस, म्हणून लिहून कळवतोय. कागदावर लिहीन आणि फोटो काढून पाठवीन. मोबाइलवर टाइप करायला बसलो तर बाळ शाळेत जायला लागेल.

तर, येतो.

एवढंच लिहायचं होतं. पण कागद उरलाय आणि इथे बोलायला कोणी नाही, म्हणून पुढे लिहितो. आई गेल्यावर तू मला तिकडे कॅनडात चल म्हणालीस आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर "बाप लेकीच्या घरी राहत नसतो" असं म्हणालो. तुझ्या ते लक्षात असणारच, नाहीतर दर दसऱ्याला नुसतं आपट्याच्या पानाचं चित्र आलं नसतं. पण आता आई नाही, सार्थकराव पंधरा-पंधरा दिवस कामावर बाहेर, आणि बाळंतपणाला घरचं माणूस कोणी नाही. मला बाळंतपणातलं काही कळत नाही, पण दारात बसून राहता येतं.

तू म्हणतेस व्हिसाच्या आधी तिकडच्या कंपनीचा आरोग्य विमा लागतो. कर्वे रोडला संजय म्हणून एक एजंट आहे, व्हिसा, विमा, तिकीट असं सगळं एकाच टेबलावर करतो. त्याला मी खडकीच्या फॅक्टरीचं पेन्शनरांचं कार्ड दाखवलं. म्हटलं, हे दाखवलं की इथे दवाखान्याचं बिल सरकार भरतं. त्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "काका, विमान उडालं की हा नुसता पुठ्ठा."

मला साखर आहे आणि प्रेशर आहे. अशा माणसाला विमा मिळतो, पण एक अट असते. जुना आजार स्थिर पाहिजे. म्हणजे विमा सुरू होण्याआधी सहा महिने नवी तक्रार नको, नवी तपासणी नको, औषधात बदल नको. तसं असेल तर जुन्या आजाराचा खर्च कंपनी देते, नाहीतर आपला आपण. मी संजयला सांगितलं, माझ्याइतका स्थिर माणूस वारज्यात शोधून सापडायचा नाही. कित्येक वर्षं एकच डॉक्टर, एकच गोळी, एकच खुर्ची. तेव्हा जानेवारीच्या शेवटी निघतो असं धरून चाल.

जेवणाचं तेवढं राहिलं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हे आपल्या घरात चालत आलंय. बंगळूरला तुमच्या नव्या घरी आलो तेव्हा मी खालच्या हॉटेलात इडली खाऊन वर आलो आणि दारातच "मी जेवून आलोय" म्हणालो. तू केलेली पुरणपोळी झाकून ठेवलीस. आई मात्र दोनदा वाढून घेऊन जेवली. तर बाळ होईपर्यंत मी माझा शिधा सोबत आणीन आणि माझं मी करून खाईन. तुझा गॅस वापरलेला चालतो की नाही ते कोणाला विचारावं कळत नाही. ज्यांना विचारलं असतं ते तुझे आजोबा आता नाहीत.

अण्णा


वारजे, पुणे
३ डिसेंबर २०२४

शेफाली,

तुझा मेसेज वाचला. "अण्णा, शिधा आणू नका, विमानतळावर काढून घेतात." बरं, नाही आणत. बघू काय करायचं ते.

गोदाबाईंकडून डिंक साफ करून घेतला. गोदाबाई म्हणजे सकाळी पोळ्या करायला येतात त्या, तुला माहीत नसतील, तू गेल्यानंतर आल्या. हिंगोलीकडच्या आहेत. नवरा इथे बांधकामावर आहे. माझ्याशी पोळ्या लाटता लाटता बोलतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. मला ते बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "काका, लेकीकडं चाललाव तर अळीव बी न्या, दूध येतंय त्यानं." मी अळीव आणले. आता तेही विमानतळावर काढून घेतात का ते कळव.

कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. तिच्यात आईची शाल निघाली, डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. बॅग पुन्हा वर ठेवली, एवढ्यात लागणार नाही.

विम्याचं काम चालू आहे. संजयने डॉक्टरांकडून गेल्या सहा महिन्यांच्या औषधांचा कागद मागितला होता. मच्छिंद्र डॉक्टरांकडे जाऊन आणला. त्यात एक किरकोळ भानगड आहे, ती मी निस्तरतो. तू या दिवसांत त्यात डोकं घालू नकोस.

एक विचारायचं होतं. तिकडचे डॉक्टर तारीख देतात ती कितपत पक्की असते? मागेपुढे होते का? म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत वगैरे? सहज विचारलं.

अण्णा


वारजे, पुणे
२२ डिसेंबर २०२४

शेफाली,

तू विचारलंस की बाळ एप्रिलपर्यंत थांबतं का हा प्रश्न कुठला माणूस सहज विचारतो. बरोबर आहे. सांगतो.

नवरात्रात आई घट बसवायची आणि नऊ दिवस उपास करायची, ते तुला ठाऊक आहे. तो उपास कशासाठी होता हे तिने तुला कधी सांगितलं नसेल. तू तान्ही असताना तुला न्यूमोनिया झाला होता. खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईने देवीला सांगितलं, पोरीला राहू दे, मी जन्मभर तुझे नऊ दिवस धरीन. तू राहिलीस आणि तिने ते शेवटपर्यंत धरले. मी तेव्हा तिची चेष्टा करायचो, साबुदाण्याची खिचडी खाऊन देवी पावते होय म्हणून.

ती गेली त्याच्या पुढच्या नवरात्रात घट कोण बसवणार हा प्रश्न आला. मी बसवला. उपासही धरला. दूध, फळं, रात्री थोडी भगर. आता साखरेच्या माणसाने असं उपाशी राहून पूर्ण गोळी घेतली तर चक्कर येऊन पडेल. म्हणून मच्छिंद्र डॉक्टर घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत गोळी अर्धी करतात आणि दसऱ्याला पुन्हा पूर्ण. आपल्याकडे निम्मा गाव असंच करतो. चतुर्थीला, एकादशीला, श्रावणात. त्याला कोणी औषध बदललं असं म्हणत नाही. उपासाची गोळी म्हणतात.

पण डॉक्टरांच्या कॉम्प्युटरला उपास कळत नाही. त्या कागदावर स्वच्छ आलंय, ऑक्टोबरमध्ये डोस कमी केला, ऑक्टोबरमध्येच वाढवला. संजयने बोट ठेवून दाखवलं. कमी केलेलाही बदलच आणि वाढवलेलाही बदलच. सहा महिने दसऱ्यापासून मोजायचे, म्हणजे मी स्थिर होणार एप्रिलच्या मध्याला.

हे कळलं तेव्हा मी संजयच्या टेबलावर एवढा ओरडलो की शेजारचा झेरॉक्सवाला उठून आला. संजयला माझी दया आली असावी. हळूच म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. हा कागद मी पाहिलाच नाही. फॉर्मवर 'बदल नाही' टिक करू, तिकडे कोण बघायला बसलंय?" मच्छिंद्र डॉक्टर तर आपल्या गावातलेच. म्हणाले, "अण्णा, ती ओळ मी काढून टाकतो. देवाच्या कामासाठी गोळी अर्धी केली, त्यात काय एवढं?"

दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. मी दोन दिवस विचार केला. विचार काय, टिक करावी असंच मनात होतं. मग एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. मी तिकडे आलो, मला काही झालं, दवाखान्यात नेलं आणि कंपनीने चौकशी लावली, तर ते एक दमडी देणार नाहीत. तिकडच्या दवाखान्याचं बिल मग कोणाच्या दारात येईल? बाळंतिणीच्या. फॅक्टरीत मी जन्मभर माल तपासला. एका नगाचा संशय आला की अख्खा लॉट बाजूला काढायचो. बाकीचे नग चांगले असतीलही, पण ते वापरणाऱ्याने आपल्या अंगावर कशाला शोधून काढायचं?

म्हणून मी जानेवारीत येत नाही. एप्रिलमध्ये येतो. बाळ होताना तुझ्याजवळ मी नसेन. मला याचं फार वाईट वाटतंय.

अण्णा


वारजे, पुणे
१९ जानेवारी २०२५

शेफाली,

तुझं उत्तर आलं. "म्हणजे याही वेळी न जेवल्यामुळेच." त्यानंतर काही नाही. मी रोज बघतो.

तुझं म्हणणं खरं आहे. रागाने लिहिलं असतंस तर मीही रागाने लिहिलं असतं, ते मला जमतं.

संक्रांत झाली. इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नवं कुटुंब राहायला आलंय. त्यातली रुपाली म्हणून मुलगी आहे, तुझ्याच वयाची असेल, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला तिने आपली बेल वाजवली. "काकू आहेत का?" मी म्हटलं, "बाहेर गेल्यात." ती म्हणाली, आल्या की पाठवा. मी हो म्हटलं. असं का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी तिला कोणीतरी खरं सांगितलं असणार, कारण ती तिळगूळ घेऊन पुन्हा आली आणि दारात नुसतीच उभी राहिली. मीच तिला म्हटलं, अगं, असू दे.

मला एकटं वाटतं. हे लिहून कागद फाडणार होतो, पण तेवढ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून कोण लिहिणार.

बाकी तब्येत स्थिर आहे. टेकडीवर जातो, पण हल्ली खालच्या बाकावरूनच परत येतो. वर कुत्री फार झालीत. चढताना छातीत जरा भरून येतं, ते गॅसमुळे. काल अंघोळीनंतर नुसता पंख्याखाली बसलो होतो तर गोदाबाई म्हणाल्या, "काका, थंडीत काहून पंखा लावलाव? घाम किती आलाय तुमाला." मी म्हटलं, तुमच्या पोळ्यांच्या धुराने. त्यांचा राग आला. पोळ्या चांगल्या करतात.

डॉक्टरांकडे मुद्दाम गेलो नाही. आता कशाला काही नवीन काढून ठेवायचं.

एक ओळ लिही. भांडणाची लिहिलीस तरी चालेल.

अण्णा


वारजे, पुणे
९ मार्च २०२५

शेफाली,

काल व्हिडिओत तुला आणि बाळाला पाहिलं. मी काही बोललो नाही म्हणून तू विचारलंस, अण्णा, ऐकू येतंय ना? येत होतं. मुलीचं नाक आईचं आहे. एवढ्याशा तोंडावर आईचं नाक, तेच बघत बसलो.

तुझ्याजवळ कोण होतं असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, नर्स चांगली होती. सार्थकराव कामावरून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणजे कोणी नव्हतं. आईला तू झालीस तेव्हा बाहेरच्या बाकावर मी होतो, तुझी आजी होती, क्वार्टर्समधल्या चार बायका होत्या. तुला एक चांगली नर्स होती. मी रात्रीचा डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला.

आज सकाळी पेढे आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, मुलगी झाली का, मग बर्फी न्या, पेढे मुलाला. मी त्याला सांगितलं, पेढे तू दे, मुलीला काय वाटायचं ते मुलीचा आजोबा ठरवेल. इमारतीत सगळ्यांना वाटले. रुपालीने बाळाचा फोटो मागून घेतला. गोदाबाईंना अर्धा किलोचा पुडा वेगळा दिला, त्यांनी तो डोक्याला लावला.

घरात तिला सोनू म्हणताय असं कळलं. चांगलं आहे, माझ्या जिभेवर बसेल.

संजयने वीस एप्रिलचं तिकीट बघून ठेवलंय. तोपर्यंत सहा महिने पुरे होतात. आता काही दिवसांचाच प्रश्न आहे, म्हणून जपून राहतो. परवा भाजी आणायला गेलो तर समोरून मच्छिंद्र डॉक्टर आले. लांबूनच हाक मारली, "अण्णा, बऱ्याच दिवसांत फिरकला नाहीत?" मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. त्यांनी माझा चेहरा बघितला असता तर मशीनवर घेतलं असतं, आणि मशीनवर घेतलं की काहीतरी निघतंच. वीस तारखेनंतर कॅनडात काय निघायचं ते निघू दे.

हे शेवटचं वाक्य चुकीचं लिहिलं गेलंय. तसं काही निघणार नाही, मी ठणठणीत आहे.

अण्णा


पुणे, दवाखाना
१० एप्रिल २०२५

शेफाली,

अक्षर वेडंवाकडं आलंय, आडवं पडून लिहितोय.

तुला रुपालीने फोन करून सांगितलंच आहे, पण मी माझ्या हाताने लिहायला पाहिजे. सोमवारी सकाळी कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढलो. छातीवर कोणी गुडघा ठेवून बसावं तसं झालं. खाली उतरलो आणि भिंतीला टेकून बसलो. तेवढ्यात गोदाबाई आल्या. मी त्यांना म्हटलं, गॅस आहे, बसा, चहा करा. त्यांनी चहा केला नाही. वॉचमनला आणि रुपालीला हाका मारून मला उचलून रिक्षात घातलं. रिक्षातही मी म्हणत होतो, डॉक्टर नको, वीस तारखेनंतर जाऊ. त्यावर त्या माझ्यावर ओरडल्या, "मेल्यावर इमानात बसताव का, काका?" मला असं बोलणारी बाई आई गेल्यापासून कोणी नव्हती.

स्टेंट बसवला. बिलाला आपला पुठ्ठा चालला.

हे जानेवारीपासून होत होतं. टेकडीवर कुत्री नव्हती. मी तुला खोटं लिहिलं आणि डॉक्टरांना टाळलं, कारण तक्रार सांगितली की तपासणी, तपासणी झाली की नवं औषध, नवं औषध आलं की सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. मी आजारी नाही असं सहा महिने दाखवायचं होतं आणि तेवढ्यात आजार वाढला. मच्छिंद्र डॉक्टर काल भेटायला आले. पलंगाशेजारी बसले आणि म्हणाले, "अण्णा, दहा दिवसांनी हे विमानात झालं असतं तर?" मग त्यांचेच डोळे भरले. फॉर्मवर खोटी टिक करायची नाही म्हणून मी जानेवारीची वारी सोडली, आणि नंतर तोच खोटेपणा मी छातीत घेऊन हिंडलो. त्या वेळी मला ते कळलं नाही.

परवा तुझा फोन आला तेव्हा आपण भांडलो नाही. बोललोही नाही. तू रडत होतीस आणि तिकडे सोनू रडत होती. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने विचारलं, लाइन गेली का? मी म्हटलं, नाही, चालू आहे.

आता चार नव्या गोळ्या लागल्यात. साखरेची बदलली, प्रेशरची बदलली. दर भेटीला डॉक्टर काही कमीजास्त करणार, आणि जेव्हा शेवटचं कमीजास्त करतील तिथून सहा महिने मोजायचे. मी जेवढा बरा व्हायला जातो तेवढी तू लांब जातेस, असा हा हिशेब आहे. पण या वेळी डॉक्टर विचारतील ते सगळं सांगणार आहे. जरा कुठे दुखलं तरी सांगणार आहे.

तिकीट रद्द केलं. अळीव गोदाबाईंना देऊन टाकले, त्यांच्या भावजयीला दिवस गेलेत.

अण्णा


वारजे, पुणे
२१ सप्टेंबर २०२५

शेफाली,

सोनूचा रांगतानाचा व्हिडिओ मी रुपालीला, गोदाबाईंना आणि मच्छिंद्र डॉक्टरांच्या कंपाउंडरला दाखवला. कंपाउंडरने दोनदा बघितला, बिचारा घाईत होता.

तुला तारीख हवी होती, ती आता देता येते. गोळ्यांमध्ये शेवटचा बदल चौदा मेला झाला. त्यानंतर दर महिन्याला जातो, सगळं खरं सांगतो, आणि दर महिन्याला डॉक्टर म्हणतात, हेच चालू ठेवा. हे वाक्य मला पूर्वी कधी एवढं गोड लागलं नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्याला सहा महिने होतात. संजयने कंपनीला सगळं कळवलंय, साखर, प्रेशर, स्टेंट, काही लपवलेलं नाही. हप्ता वाढला, पण ते हो म्हणाले. पंचवीस नोव्हेंबरला निघतो.

मध्ये फक्त नवरात्र आहे. उद्या घटस्थापना.

काल मच्छिंद्र डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी सवयीने पेन उचललं आणि विचारलं, "अण्णा, उद्यापरवापासून गोळी अर्धी ना?" मग त्यांच्याच लक्षात आलं आणि पेन खाली ठेवलं. अर्धी केली तर दसऱ्यापासून पुन्हा सहा महिने. उपास करून पूर्ण घेतली तर मी पडणार, आणि पडलो तरी पुन्हा सहा महिने. मी म्हटलं, उद्या सांगतो. घरी आलो.

तो उपास मला सोडवत नव्हता. तुला हे विचित्र वाटेल, कारण मी देवभोळा नाही. पण त्या नऊ दिवसांत घरात भगर शिजायची, आई असताना यायचा तसा समईचा वास यायचा, भूक लागायची, आणि भूक लागली की ती आत स्वयंपाकघरात आहे असं वाटायचं. वर्षात तेवढेच दिवस मला घर रिकामं वाटत नव्हतं. गेल्या सोमवारी अविधवा नवमीला तिचं पान वाढलं होतं, त्याच फोटोसमोर काल रात्री बराच वेळ बसलो. आनंदीबाई, काय करू सांगा, असं विचारलं. जिवंतपणी मी तिला अहो-जाहो कधी केलं नाही, विचारलंही फारसं नाही.

मग मला बंगळूरची आठवण झाली. मी खाली इडली खाऊन आलो होतो आणि ती तुझ्या टेबलाशी बसून दुसरी पुरणपोळी मागत होती. जाताना लिफ्टमध्ये मी तिला म्हटलं, तुला काही रीतभात? ती म्हणाली, "लेकीने प्रेमाने केलं, मी जेवले. देवीला मी काय ते सांगीन."

तू जगावीस म्हणून ती उपाशी राहायची, शेफाली. तो उपास तुझ्यासाठी होता. तुझ्याकडे यायच्या आड तो येत असेल तर तिनेच तो पहिल्यांदा सोडला असता, आणि वर मला दोन शब्द ऐकवले असते.

घट बसवणार आहे. माती आणली, धान्य आणलं, झेंडूच्या माळा रुपाली करून देणार आहे. पण आज सकाळी गोदाबाईंना सांगितलं, उद्यापासून नऊ दिवस रोजच्यासारख्या पोळ्या करायच्या, भाजी, वरण, सगळं. त्यांचं लाटणं थांबलं. म्हणाल्या, "अन् काका, बाईंचा उपास?" मी म्हटलं, पुरा झाला. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा लाटायला लागल्या. मग डॉक्टरांना फोन करून सांगितलं, पूर्ण गोळी.

उद्या घरात समई लावून, पोटभर जेवून बसणार आहे. घर फार रिकामं वाटेल, ते मला आत्ताच दिसतंय. नऊ दिवस काढीन.

आता सोनू झाली, तेव्हा तुझ्या घरी जेवायला रीतीने काही अडत नाही. पण ती झाली नसती तरी मी जेवलो असतो, हे तुला लिहून देतो. पुरणपोळी मला चालत नाही, पिठलं कर. भाकरी जमत नसेल तर पोळी चालेल. विमानात जेवण देतात म्हणे, त्यातलं गोळीपुरतं खाईन. बाकीची भूक तुझ्याकडे आणतो.

अण्णा